शेवटच्या बाकावरून जर्मन

प्रमोदिनी वर्तक बाईंनी मुरुडच्या एका हायस्कुलात चोवीस वर्षं संस्कृत शिकवलं. शिकवणं कडक, फळ्यावरचं अक्षर सुरेख. बाई वर्गात असल्या की मुलांना पंख्याचा आवाजही मोठा वाटायचा. एवढ्या वर्षांत आपण कधी कुणाचा हेवा केला नाही, असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. ते मत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मुख्याध्यापक मुकादम सरांच्या खोलीत, एका यादीने मोडीत काढलं.

"संस्कृत कुणी बंद करत नाहीये, बाई," मुकादम सर म्हणाले. "नववीपासून मुलांना जर्मन घ्यायचं असेल तर घेता येईल, एवढंच. तिकडे नर्स हव्यात, इलेक्ट्रिशियन हवेत. पालक विचारत होते."

"आणि मुलांनी काय घेतलं?"

सरांनी यादी पुढे सरकवली. अडतीस मुलांपैकी एकतीस जर्मनला. बाईंचं बोट एकेका नावावरून उतरत गेलं आणि अठराव्या नावावर थांबलं. क्षिप्रा दातार.

क्षिप्रा म्हणजे बाईंच्या हाताखाली तयार झालेली मुलगी. पाचवीपासून तिला मधल्या सुट्टीत बसवून त्यांनी स्तोत्रं पाठ करून घेतली होती. पालीच्या आंतरशालेय स्पर्धेत लागोपाठ दोन वर्षं तिने पहिला नंबर आणला होता. दहावीला ही शंभरपैकी शंभर आणणार, असं बाई शिक्षकांच्या खोलीत सांगत असत.

"अजून एक आहे," सर जरा अवघडून म्हणाले. "जर्मनची बाई तासिका तत्त्वावर घेतली आहे. नियमाप्रमाणे वर्गावर एक कायम शिक्षक हवा. तुमचे तास आता कमी झालेत. तुम्ही नुसतं मागे बसायचं."

"कोण आहे शिकवायला?"

"आतिफा खतीब. आपलीच मुलगी. तुमच्याकडेच होती की संस्कृतला आठवीत."

बाईंना चेहरा आठवला, नाव आठवलं, बाकी काही आठवलं नाही.

अशा रीतीने प्रमोदिनी बाई बावन्नाव्या वर्षी नववी ब च्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.

आतिफा सव्वीस वर्षांची होती. पुण्याला पदवी घेता घेता तिने जर्मन केलं होतं आणि वडील गेल्यावर आईजवळ राहायला परत आली होती. वर्गात शिरताच ती हात वर करून ओरडली, "गूटन मॉर्गन!" मुलं गोंधळून हसली. तिने पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदा एकतीस मुलं मिळून अशी ओरडली की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. तासाच्या शेवटी प्रत्येक मूल उभं राहून "इश हायसं" म्हणून आपलं नाव सांगत होतं. कोळीवाड्यातली साक्षी, जी बाईंच्या तासाला मान वर करत नसे, ती दोनदा उठली.

"अगं, तू सांगितलंस ना एकदा," आतिफा म्हणाली.

"परत सांगू दे ना, मिस. मजा येतेय."

मिस. बाईंना शाळेत सगळे बाई म्हणत, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द त्यांना जुन्या लुगड्यासारखा वाटला.

पण खरी कळ आली ती दुसऱ्याच गोष्टीने. आतिफाने फळ्यावर एक शब्द लिहिला आणि वाचला, "बूख. म्हणजे पुस्तक." तिच्या तोंडून आलेला तो 'ख' मराठी 'ख' नव्हता. घशाच्या मुळातून, हवा घासून येणारा आवाज होता तो. व्याकरणात विसर्गाचा एक प्रकार असतो, क आणि ख यांच्या आधी येणारा. त्याचं नाव जिह्वामूलीय. बाईंनी त्याची व्याख्या चोवीस वर्षं फळ्यावर लिहिली होती, आणि तो आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. लहानपणापासून कुराण वाचलेल्या या मुलीच्या गळ्यात तो आयता होता. बाईंनी बाकाखाली ओठ न हलवता प्रयत्न करून पाहिला. नुसताच खोकला आला.

"बाई, पाणी हवंय?" आतिफाने फळ्यापासून विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या.

जुलैत तिने लिंगं शिकवायला घेतली. "मराठीत तो, ती, ते. जर्मनमध्ये डेर, डी, दास. तुमचं अर्धं काम तुमच्या आईनेच करून ठेवलंय," ती म्हणाली. "आता सगळे उठा. खिडकीचा कोपरा डेर. दाराचा कोपरा डी. कपाटाचा कोपरा दास. मी शब्द म्हणेन, तुम्ही पळायचं."

बाई बाकावर ताठ झाल्या.

"सूर्य!" मुलं खिडकीकडे पळाली. "चूक! जर्मन लोकांचा सूर्य बाई आहे. दाराकडे!" वर्गात एकच गोंधळ आणि हसू. "चंद्र?" "मिस, तो पण बाई?" "नाही, तो पुरुष!"

हा खेळ बाईंचा होता. हेच तीन कोपरे, खिडकी, दार आणि कपाट. त्या 'बायको' म्हणायच्या, आणि मुलं तीन दिशांना पळायची, कारण संस्कृतात बायकोला तीन शब्द, दार पुल्लिंगी, भार्या स्त्रीलिंगी आणि कलत्र नपुंसकलिंगी. मग त्या सांगायच्या की तिघंही बरोबर आहेत, आणि मुलं अशीच हसायची. शेजारच्या वर्गातून तक्रारी आल्या, मग बाईंचे गुडघे दुखू लागले, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी कधीतरी तो खेळ बंद पडला. आता ती पोरगी तोच खेळ त्यांच्या डोळ्यांदेखत खेळत होती, आणि कुणाकडून घेतला ते एका शब्दाने सांगत नव्हती. क्षिप्रा तर इतकी पळत होती की तिच्या वेणीची रिबन सुटून खाली पडली. बाईंच्या तासाला तिची रिबन कधी सुटली नव्हती.

त्या दिवसापासून बाई घरी जर्मन करू लागल्या. अलिबागहून शब्दकोश मागवला, वही घातली. संस्कृतच्या आठ विभक्ती ज्यांच्या बोटांवर होत्या, त्यांना जर्मनच्या चार म्हणजे काहीच नव्हतं. महिन्याभरात त्यांनी पुस्तकाचे सगळे तक्ते पाठ केले. सुपारी वाळत घालताना यजमान म्हणाले, "बरं झालं, नवीन काहीतरी शिकतेयस." बाई शिकत नव्हत्या. चूक शोधत होत्या.

चूक ऑगस्टमध्ये सापडली.

"मिस, कोळंबीला काय बोलतात?" साक्षीने विचारलं. तिचा बाप मासेमारीला जायचा आणि तिला सगळ्या माशांची जर्मन नावं हवी असायची.

"गार्नेलं," आतिफा म्हणाली. "डेर गार्नेलं."

"डी गार्नेलं," मागून आवाज आला.

एकतीस माना वळल्या. बाई उभ्या राहिल्या होत्या. "स्त्रीलिंगी आहे. अशा शेवटाचे बरेच शब्द स्त्रीलिंगी असतात. शिक्षकाला माहीत हवं."

आतिफाने मोबाइलवर पाहिलं. "बाईंचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि फळ्यावरचं पुसून नीट लिहिलं. "वर्गात मी घरी अभ्यास करा म्हणते, तो करणाऱ्या एकट्या बाई आहेत. टाळ्या वाजवा त्यांच्यासाठी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसल्या. त्यांचे कान तापले होते. तिने जरा रागवायला हवं होतं, घाबरायला हवं होतं. तिने टाळ्या वाजवून घेतल्या.

मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन बाईंच्याच टेबलावर आली. आईने दिलेली सांदणं तिने बाईंच्या झाकणात काढून ठेवली. "बाई, तुम्ही मागे बसता ना, मला जरा भीती वाटते. पण आज बरं वाटलं," ती म्हणाली. मग आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाली, "एक सांगू? माझी जर्मनची बी-टू पातळीची परीक्षा झाली मार्चमध्ये. लेखी सुटली. तोंडीत उडाले. समोर परीक्षक बसला की माझं सगळं गोठतं. डिसेंबरला परत देणार आहे. शाळेला मी निकाल यायचाय असं सांगितलंय. कुणाला बोलू नका, हां."

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. सांदण चांगलं झालं होतं. त्यांनी अजून एक घेतलं.

त्या कदाचित बोलल्याही नसत्या. पण गणपतीच्या आधी आतिफाने मुलांना पाच ओळींचा निबंध दिला, 'माझ्या आवडत्या शिक्षिका'. वह्या गोळा करून आणायचं काम क्षिप्राचं. ती वह्यांचा गठ्ठा बाईंच्या बाकावर ठेवून पाणी प्यायला गेली. वरची वही तिचीच होती. बाईंना ती आता वाचता येत होती, ही त्यांच्या अभ्यासाची कमाई. पाच ओळी, एकही चूक नाही. माझ्या आवडत्या शिक्षिकेचं नाव आतिफा आहे. ती मुरुडला राहते. ती खूप हसते. तिच्यामुळे मला शाळा आवडते. मला तिच्यासारखं व्हायचं आहे.

बाईंनी वही मिटून होती तशी ठेवली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी त्या चुलत दीर तात्यांकडे दर्शनाला गेल्या. तात्या शाळेच्या संस्थेवर होते. त्यांच्या वाडीत वादळाने पाडलेल्या माडांच्या जागी लावलेली रोपं आता कमरेपर्यंत आली होती, ती त्यांनी कौतुकाने दाखवली. मग ओटीवर बसल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणतंय तुमचं जर्मन?"

"चाललंय," बाई म्हणाल्या. "मुलगी हुशार आहे. फक्त परीक्षा पास नाही. तोंडीत नापास आहे म्हणे. आता पालकांना कळलं तर..."

एवढंच बोलल्या त्या. प्रसादाचा मोदक हातात होता, तो खाऊन झाला.

पंधरा दिवसांनी संस्थेची बैठक झाली. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत आतिफाचे तास बंद करायचं ठरलं. मुकादम सरांनी बाईंना बोलावलं. "वर्ग रिकामा ठेवता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही तीन महिने बसलायत. तेवढ्यापुरतं घ्याल?"

"बघते," बाई म्हणाल्या, आणि सरांच्या खोलीतून बाहेर पडताना व्हरांड्यात त्यांचं पाऊल हलकं पडलं.

त्यांनी वर्ग चांगला घेतला, हे सांगायला हवं. तक्ते फळ्यावर आले, रंगीत खडूने. डेर, डेन, डेम, डेस. मुलांनी ते तालावर पाठ केले. चाचणीचे गुण वाढले आणि दोन पालकांनी वहीत तसं लिहूनही पाठवलं. फक्त वर्गात पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

एकदा साक्षीने हात वर केला. "बाई, माझी आजी आजारी हाय, असं कसं बोलायचं?"

बाईंना वाक्याचे सगळे भाग माहीत होते. माझी, स्त्रीलिंग, प्रथमा. आजी. आजारी. त्यांनी मनात वाक्य जुळवलं, तपासलं, एका शब्दाशी अडल्या, शब्दकोश उघडला. पानं उलटताना वर्ग गप्प बसून बघत होता.

"माइनं ओमा इस्ट क्रांक," अखेर बाई म्हणाल्या.

"हां, तसंच वाटलं मला," साक्षी म्हणाली. "काल बोलले मी तसं."

"काल कुणाला बोललीस?"

साक्षीने जीभ चावली. पुढच्या बाकावरून क्षिप्राने वळून तिच्याकडे डोळे वटारले. बाईंनी ते पाहिलं. आदला दिवस रविवार होता.

पुढच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता बाई समुद्रावर फिरायला गेल्या. त्या कधी फिरायला जात नसत. आतिफा राहायची त्या मोहल्ल्याच्या मागच्या बाजूला, सुरूच्या झाडांपलीकडे, ओल्या वाळूत काठीने ओढलेल्या तीन लांब रेघा दिसल्या. पंधरा-वीस मुलं एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर पळत होती. मध्ये आतिफा, पायात चपला नाहीत, ओढणी कमरेला गुंडाळलेली.

"समुद्र!" ती ओरडली.

"दास!" साक्षी सगळ्यांच्या पुढे तिसऱ्या रेघेवर जाऊन उभी राहिली. "दास मेअर! समुद्र ते!"

क्षिप्रा हसत तिच्यावर आदळली आणि दोघी वाळूत पडल्या.

बाई झाडाआड उभ्या राहिल्या. वर्ग त्यांच्याकडे होता, फळा त्यांच्याकडे होता, हजेरीपट त्यांच्याकडे होता, आणि मुलं इथे होती. सुट्टीच्या दिवशी, कुणी न बोलावता. हेवा म्हणजे काय याच्या सगळ्या व्युत्पत्ती बाईंना पाठ होत्या. तो पोटात असा खरा दुखतो, हे मात्र त्यांना त्या वर्षीच कळलं होतं. आणि जिंकूनही दुखतो, हे त्या संध्याकाळी कळलं.

"अरे बाई! तुम्ही उभ्या का? या ना घरात." मागून रेहाना आली होती, आतिफाची आई. तिचं घर तिथून वीस पावलांवर होतं. बाईंना नाही म्हणायला सुचलं नाही.

रेहानाने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. "माझ्या पोरीवर बघा काय आलं," ती म्हणाली. "पुण्याहून निकाल यायला उशीर, त्यात हिचा काय गुन्हा? कुणीतरी कान भरले असणार संस्थेवाल्यांचे. जाऊ द्या, अल्ला त्यालापण अक्कल देवो. बाई, तुमचं ऐकतात ते लोक. तुम्हीच जरा समजवा."

बाईंनी चहाचा कप उचलला. तेवढ्यात आतिफा आली. दारातच पाय झटकताना तिने बाईंना पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"अम्मी, पोरांना पाणी दे ना जरा," ती म्हणाली. रेहाना कळशी घेऊन बाहेर गेली.

"तात्यांना मी सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांनी ठरवलं नव्हतं. ते बाहेर पडलं.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तोंडीत नापास झाले हे मी या गावात एकाच माणसाला सांगितलं होतं. अम्मीलापण नाही."

बाहेर मुलं आपसांत डेर की डी यावरून भांडत होती.

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? खोटं तर नव्हतं ते." आतिफा समोर बसली नाही, उभीच राहिली. "पण मला राग आला नाही असं समजू नका, बाई. खूप आला. अजून आहे. सांदणं खाऊन तुम्ही..." ती थांबली.

बाईंनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "तो कोपऱ्यांचा खेळ. तो माझा आहे."

"कुठला?"

"खिडकी, दार, कपाट. आठवीत मी तुम्हाला तसंच पळवायचे."

आतिफा खरोखरच आठवू लागली. कपाळावर आठ्या आल्या. "मला आठवत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही, बाई. मला वाटत होतं, मला तो पुण्यात सुचला."

"मग माझ्या तासाचं तुला काय आठवतं?"

"दुःख," आतिफा म्हणाली.

"काय?"

"दुःख शब्द. माझा ख घशातून यायचा. तुम्ही मला उभं करून वीस वेळा म्हणायला लावलं होतंत. सगळी मुलं हसत होती. तेवढं आठवतं."

बाईंनी तो शब्द मनात फोडला. दुःख. विसर्ग, आणि पुढे ख. जिथे व्याकरण तोच आवाज मागतं, घशाच्या मुळातून घासून येणारा. ही पोरगी तेरा वर्षांची असताना पुस्तकात लिहिलंय तसा शब्द म्हणत होती, आणि तो कधीच न ऐकलेल्या बाईंनी तो वीस वेळा दुरुस्त केला होता.

"तुझं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "त्या शब्दात तो तसाच असतो."

आतिफाला ते नीट कळलं नाही. "आता काय करायचंय त्याचं," ती म्हणाली.

"डिसेंबरच्या तोंडीला मी तुझी तयारी करून घेऊ? परीक्षक म्हणून वीस वर्षं बसलेय मी स्पर्धांना. समोर बसते, तू बोल."

"तुमच्यासमोर?" आतिफा पहिल्यांदा जराशी हसली, पण ते हसू प्रेमाचं नव्हतं. "तुमच्यासमोर तर मुळीच नको. ही पोरं आहेत ना, त्यांच्याशीच बोलून माझी तयारी होतेय."

सोमवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी बाई मुकादम सरांच्या खोलीत गेल्या आणि घडलं ते सांगून टाकलं. सर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढं म्हणाले.

"माझीही नव्हती. वर्ग माझ्या नावावर राहू द्या, सर. हजेरी मी घेते, सही मी करते. शिकवेल ती. नियमात बसतं."

"आणि तात्या?"

तात्यांकडे बाई त्याच संध्याकाळी गेल्या. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. "पण तूच म्हणालीस ना, पालकांना कळलं तर म्हणून?" ते चिडून म्हणाले.

"म्हणाले. हेव्यानं म्हणाले, तात्या. मुलं तिच्याकडे गेली, ते मला सोसलं नाही."

तात्या असं काही ऐकायला तयार नव्हते. त्यांनी बाईंकडे बघितलंच नाही. खाली मान घालून ते कातरत राहिले, लागत होती त्याहून खूप जास्त सुपारी. "बरं, बरं," शेवटी म्हणाले. "कळवतो सरांना."

दिवाळीच्या सुट्टीनंतर आतिफा वर्गात परत आली. बाई पुन्हा शेवटच्या बाकावर गेल्या. ती त्यांच्याशी नीट वागायची, अदबीने बोलायची, पण डबा घेऊन त्यांच्या टेबलावर पुन्हा कधी आली नाही. डिसेंबरमध्ये तिची तोंडी सुटली. ती बातमीसुद्धा बाईंना शिपायाने वाटलेल्या पेढ्यातून कळली.

फेब्रुवारीत मुलांची पहिल्या पातळीची परीक्षा मुंबईत होती. बारा मुलं बसणार होती. फॉर्म भरायच्या दिवशी बाईंनी आतिफापुढे तेरावा फॉर्म ठेवला. तिने नाव वाचलं, वर पाहिलं, आणि तो गठ्ठ्यात घातला.

परीक्षेत लेखी बाईंनी अर्ध्या वेळात संपवली. तोंडीला मुलांबरोबर गोल करून बसायचं होतं. बाईंना चिठ्ठी आली, रविवार. त्यावर एक प्रश्न विचारायचा होता. बाईंनी क्रियापद निवडलं, जागा ठरवली, विभक्ती तपासली. वाक्य निर्दोष तयार झालं तोवर परीक्षक पुढे वळली होती. बाईंच्या शेजारी साक्षी होती. तिला 'जेवण' आलं. "तुला कोळंबी आवडते का?" तिने धडाधड विचारलं, लिंग चुकवून, आणि परीक्षक हसून म्हणाली, हो, फार आवडते.

मार्चमध्ये निकाल लागला. आतिफाने तो वर्गात वाचला. क्षिप्रा शहाण्णव. साक्षी सत्त्याऐंशी. निकेत, आदित्य, पुढची नावं. आणि शेवटी, "प्रमोदिनी वर्तक, ब्याऐंशी." तिने आवाज मऊ केला नाही. "लेखीत सगळ्यांत जास्त. तोंडीत सगळ्यांत कमी."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई उभ्या राहून पुन्हा बसल्या. सत्त्याऐंशी, त्यांच्या डोक्यात घोळत होतं. आठवीला संस्कृतमध्ये काठावर पास झालेली साक्षी, सत्त्याऐंशी. पोटात ते ओळखीचं दुखणं उठलं. बाईंनी ते दाबलं नाही. आता निदान त्याचं नाव त्यांना माहीत होतं.

शाळा सुटल्यावर साक्षी त्यांना फाटकाशी गाठून बरोबर चालू लागली. "बाई, तुम्हाला सगळं येतं. मग तोंडीत काय झालं?"

"चुकायची भीती वाटली."

"मी तर सगळंच चुकले," साक्षी म्हणाली. "तिला कळलं पण."

एसटी स्टँडपर्यंत दोघी बरोबर चालल्या. साक्षी जर्मनमध्ये काहीबाही बोलत होती, आजीबद्दल, जाळ्यांबद्दल, आणि बाई उत्तरं देत होत्या, उशिरा, अडखळत. दोनदा लिंग चुकलं. साक्षीने एकदा ते दुरुस्त केलं, आणि बाईंना ते मुळीच आवडलं नाही.

"पुढची पातळी कधी असते गं?" स्टँडवर त्यांनी विचारलं.

"जुलैत. का?"

"तू बसणार आहेस?"

"हो तर."

"मग मीही बसते," प्रमोदिनी बाई म्हणाल्या, आणि पिशवीतली वही काढून तिथेच बाकड्यावर बसून 'जुलै' असं लिहून घेतलं.